‘जाणारे जातातच’ म्हणण्याआधी

(सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्याच्या गावातून आलेल्या पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

“मी एका अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. यंदा एस.वाय.बी.एस्सी.च्या तीस मुलामुलींची मेंटॉर म्हणून माझी नेमणूक झाली. जुलैत वर्ग भरलेला होता. दसऱ्यापासून बाकं रिकामी होऊ लागली आणि दिवाळीनंतर निम्मी मुलं दिसेनाशी झाली. काही कापूस वेचायला, काही केळीच्या गाडीवर, दोघं सुरतेला. एका मुलीचं लग्न ठरलंय म्हणतात. पहिल्या वर्षी फर्स्ट क्लास मिळवलेला एक पावरा आदिवासी मुलगा मला आठवडे बाजारात दिसला. मी हाक मारायच्या आत तो ट्रॅक्टरच्या आड झाला. विभागप्रमुख म्हणतात, ‘मॅडम, जीव जाळू नका, जाणारे जातातच. अर्धे तर शिष्यवृत्तीसाठी नाव घालतात.’ मलाही आता वाटू लागलंय की यांना शिकण्यात रसच नाही. कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर लिस्ट लावून कडक व्हावं, की हजेरीकडे काणाडोळा करून निदान नाव तरी टिकवावं? मेंटॉरच्या कामाचे मला पैसे मिळत नाहीत. पुढच्या वर्षी मी या कॉलेजात असेन की नाही, तेही ठाऊक नाही.”

प्रिय मॅडम,

बाजारातला तो मुलगा तुम्हाला बघून आड झाला, यातून त्याला आता कॉलेजशी देणंघेणं उरलं नाही असं तुम्हाला वाटलं. मला नेमकं उलटं वाटतं. ज्याचं देणंघेणं संपलेलं असतं तो लपत नाही. तो ‘नमस्कार मॅडम’ म्हणतो आणि पुढचा घड उचलतो. लपतो तो, ज्याच्या मनातून कॉलेज अजून गेलेलं नाही, पण आता कोणत्या तोंडाने परत जायचं हे ज्याला कळत नाही.

तुमच्या सगळ्या पत्राचं उत्तर मला इथूनच द्यावंसं वाटतं. आपल्याकडची मुलं कॉलेज सोडायचं ठरवून क्वचितच सोडतात. आधी वेचणीचे चार दिवस जातात, मग आठवडा जातो. प्रॅक्टिकलचं जर्नल अर्धवट राहतं, चाचणी हुकते. तिसऱ्या आठवड्यात वर्गात पाऊल टाकायचं तर सगळ्यांसमोर ‘काय महाराज, आज कसं येणं केलं?’ हे ऐकावं लागणार, ही धास्ती बसते. मग परीक्षा फॉर्मची तारीख निघून जाते. अडचण संपते तोवर लाज वाढलेली असते आणि मूल अडचणीमुळे नव्हे, लाजेमुळे घरी बसतं. पेपर, कागद, हजेरी यांत तुम्ही जे काही कराल ते परतीची ही वाट सोपी करण्यासाठी करा.

तुमच्या विभागप्रमुखांचं म्हणणं मी धुडकावत नाही. बरीच वर्षं रिकामे वर्ग पाहिलेला माणूस असं बोलू लागतो. पण ‘शिष्यवृत्तीसाठी नाव घालतात’ हे वाक्य तपासून बघा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचं नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं. आदल्या वर्षाची गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं यांतलं एक काही चुकलं की अर्ज परत येतो. पहिल्या वर्षी प्रवेशाच्या वेळीच कॉलेजातलं कुणीतरी फॉर्म भरून घेतं. दुसऱ्या वर्षी ‘आता तुम्हाला माहिती आहे’ असं म्हणून मुलांना सोडून दिलं जातं. अर्ज परत आल्याचा मेसेज नेट कॅफेवाल्याच्या किंवा चुलतभावाच्या नंबरवर जातो आणि तारीख उलटून जाते. मूल मात्र पैसे येतील म्हणून थांबलेलं असतं. जी पोरं ‘शिष्यवृत्तीसाठी’ येतात असं आपण म्हणतो, त्यांतली कितीतरी शिष्यवृत्ती न आल्यामुळे गेलेली असतात. एकदा कार्यालयातल्या शिष्यवृत्तीच्या क्लार्कशेजारी बसून तुमच्या तीस नावांपैकी कुणाचे अर्ज अडकले आहेत ते बघून घ्या. ‘रस नाही’ असा शेरा मारलेली दोन-चार नावं तिथे सापडतील.

आता दुसरं वर्षच का? पहिल्या वर्षाला स्वागत समारंभ असतो, ओळखीचे तास असतात, सगळे विचारपूस करतात. तिसऱ्या वर्षाला पदवी समोर दिसत असते. मधलं वर्ष कुणाचंच नसतं. अभ्यासक्रम एकदम अवघड होतो. याच सुमाराला बारावीचा सोबती आयटीआय करून चाकण-रांजणगावच्या कंपनीत लागलेला असतो आणि दिवाळीला नवी मोटारसायकल घेऊन गावात येतो. घरात कुणी काही बोलत नाही, पण मुलाला त्या गाडीचा आवाज ऐकू येतच असतो.

त्यात आता नवं शैक्षणिक धोरण. संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून पहिल्या वर्षाला लागू झालं. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस ही विषयगटांची नावं आपल्यालाच पाठ व्हायला वेळ लागला. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही त्या मुलाला आपला नेमका कोणता पेपर राहिला आणि किती क्रेडिट (विषय सुटल्यावर मिळणारे श्रेयांक) कमी पडले, हे गुणपत्रिकेवरून उमगत नाही. त्याला एवढंच कळतं की ‘नापास’. दोन क्रेडिटच्या एका छोट्या विषयात अडकलेला मुलगा घरी सांगतो, ‘माझं वर्ष गेलं.’ आणि घरचे म्हणतात, ‘मग राहू दे, चल शेतात.’

म्हणून माझी पहिली सूचना अगदी साधी आहे. प्रत्येकाला एकटं बोलावून गुणपत्रिका दोघांच्या मधे ठेवा आणि एका कोऱ्या कागदावर मराठीत लिहून द्या: हा पेपर सुटला, हा राहिला, हा पुन्हा कधी देता येईल, त्याचा फॉर्म कोणत्या आठवड्यात भरायचा, फी किती, आणि हा राहिला तरी वर्ग थांबतो की नाही. वरच्या वर्गात जायला किती लागतं, याचं विद्यापीठाचं परिपत्रक परीक्षा विभागाकडून घेऊन शेजारी ठेवा. तोंडी सांगून भागत नाही, कारण घरी बापाला दाखवायला कागद लागतो. ‘वर्ष गेलं’ आणि ‘दोन पेपर राहिलेत, एप्रिलमध्ये देता येतील’ या दोन वाक्यांवर घरातला निर्णय बदलू शकतो. फेरतपासणी आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचीही मुदत असते. ती बहुतेकांना उलटून गेल्यावरच कळते, तेवढीही त्या कागदावर लिहा.

कडक व्हावं की काणाडोळा करावा, हा तुमचा मुख्य प्रश्न. मला दोन्ही पटत नाहीत. डिफॉल्टर लिस्ट नोटीस बोर्डवर लागली की जो आधीच लाजलेला आहे त्याच्या नावाचा जाहीर पुकारा होतो. यादी पाहून वर्गात परतलेली मुलं तुम्ही किती पाहिली आहेत? नियमासाठी यादी करावीच लागते, ती करा, पण बोर्डावर चिकटवण्याआधी त्यातल्या प्रत्येकाशी बोलणं झालेलं असू द्या. आणि खोटी हजेरी मांडून नाव टिकवलं, तर मूल परीक्षेला बसतं, काही न येता पेपर कोरा ठेवतं आणि स्वतःबद्दलचं त्याचं मत आणखी खाली जातं. शिवाय उद्या तपासणीत हे निघालं तर तासिकेवरच्या मॅडमच्या पाठीशी कुणी उभं राहणार नाही. त्या वाटेला जाऊ नका.

त्याऐवजी आपल्या भागाचं कॅलेंडर समोर ठेवून सत्र आखा. खान्देशात मूल कधी गैरहजर राहणार, हे आपल्याला जूनमध्येच ठाऊक असतं. दसऱ्याच्या आगेमागे वेचणी जोर धरते. मजूर मिळत नाही आणि मिळाला तर वेचणीचा भाव परवडत नाही, म्हणून घरची पोरं रानात लागतात. तिसऱ्या सत्राची परीक्षाही त्याच हंगामात येते. चाळीसगाव, नंदुरबारकडच्या ऊसतोड कुटुंबांची पोरं दिवाळीच्या सुमारास एक तर आईबापांसोबत जातात, नाही तर लहान भावंडं सांभाळायला घरी राहतात. धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं होळीला आणि त्याआधीच्या भोंगऱ्या बाजाराला घरी जाणारच आणि जावंच त्यांनी. ते त्यांचं वर्षातलं सगळ्यात मोठं आहे. हे सगळं माहीत असताना अंतर्गत चाचणी आपण नेमकी वेचणीच्या आठवड्यात का ठेवतो? पहिली चाचणी ऑगस्टअखेर उरकली, प्रॅक्टिकलचे जड प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये घेतले आणि राहिलेल्यांसाठी एक दिवस आधीच जाहीर करून ठेवला, तर नियम न मोडता बरीच नावं वाचतात. विभागात हा विषय काढायला तुम्हाला पगारी पद लागत नाही. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक ठरतानाच्या बैठकीत एवढं एक बोला.

तुमच्या विषयात तर याहून पुढे जाता येईल. दुसऱ्या वर्षाला फिल्ड प्रोजेक्ट आणि समाज सहभागाचा प्रकल्प आहे. मुलं नेहमी काय करतात? नेटवरून उतरवलेली दहा पानं स्पायरल बाइंडिंग करून देतात. त्यापेक्षा प्रकल्प त्याच्याच गावात द्या. गावातल्या चार विहिरींचं आणि दोन बोअरचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, बाटलीवर जागा आणि तारीख लिहायची, प्रयोगशाळेत पाण्याचा दुष्फेनपणा (हार्डनेस) आणि पीएच काढायचा आणि कोणाच्या घरी कोणतं पाणी पितात ते विचारून नोंदवायचं. किंवा कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या कामगंध सापळ्यात रोज किती पतंग सापडतात ते महिनाभर वहीत मांडायचं. वेचणीला रानात असलेला मुलगा हे काम रानातच करू शकतो. क्रेडिट खरे मिळतात आणि गावातल्यांनाही कळतं की हा कॉलेजात काहीतरी शिकतोय. बाटल्या द्यायला तो वेचणीच्या दिवसांतही तुमच्याकडे येईल. येण्याला कारण असलं की मुलं येतात.

आता फोन. ‘कुठे होतास इतके दिवस?’ हा प्रश्न विचारू नका, त्याला खरं उत्तर देणं कठीण असतं. ठरावीक, छोटं काम सांगा: ‘तुझं जर्नल माझ्याकडे आहे, तीन प्रयोगांवर सही राहिलीय, गुरुवारी दोन वाजता लॅबमध्ये ये, मी एकटीच असते.’ दिवस, वेळ, काम आणि वर्गासमोर उभं राहावं लागणार नाही याची खात्री, एवढं त्यात आलं पाहिजे. फोन बापाचा असेल तर ‘तुमचा मुलगा येत नाही’ अशी तक्रार पहिल्याच वाक्यात करू नका. काही घरांत त्याच दिवशी नाव काढायचा निर्णय होतो. ‘त्याचं एक काम राहिलंय, निरोप द्या’ एवढं पुरे. तुम्हाला अहिराणी येत असेल तर अहिराणीतच बोला. ‘काबरं उना नही रे भाऊ?’ (का आला नाहीस रे भाऊ?) यात जी माया आहे ती प्रमाण भाषेतल्या चौकशीत येत नाही. पावरा मुलासाठी तिसऱ्या वर्षातला त्याच्याच बोलीचा एखादा विद्यार्थी शोधा. पावरा मुलगा आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहत असेल तर गृहपालांशीही बोला, कारण तिथला प्रवेशही दर वर्षी नव्याने करावा लागतो आणि कॉलेज सुटलं की खोलीही जाते. हा पहिला फोन गैरहजेरीच्या दुसऱ्या आठवड्यात गेला पाहिजे. दीड महिन्यानंतर केलेल्या फोनला उत्तर मिळालं तरी मूल मिळेलच असं नाही.

एसटीचंही बघा. तीसपैकी किती जण शेवटच्या गाडीच्या वेळेमुळे दुपारचं प्रॅक्टिकल बुडवतात? प्रॅक्टिकल पाचला सुटत असेल आणि गावाची शेवटची गाडी साडेचारला असेल, तर ते मूल आठवड्यातून दोनदा गैरहजर ठरणारच. अशा गावांच्या पोरांची एक बॅच करून ती सकाळी घ्या. पैसे लागत नाहीत, फक्त कुणीतरी यादीवर गावांची नावं लिहावी लागतात. आगाराला कॉलेजच्या पत्रावर वेळ बदलण्याची विनंतीही करता येते, पण बॅच बदलणं आपल्या हातात आहे.

जिचं लग्न ठरलंय त्या मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. तिच्याशी, तिच्या एकटीशी बोलणं झालंय का? ‘लग्न ठरलं’ हे बहुतेकदा दुसऱ्या कुणीतरी सांगितलेलं असतं आणि आपण तिला मनातल्या मनात यादीतून वजा करतो. तिला काय हवंय ते आधी विचारा. तिला लग्नच नको असेल तर ते तुम्ही एकटीने पेलण्याचं काम नाही. कॉलेजातल्या महिला तक्रार निवारण समितीच्या मॅडमना आणि तिच्या घरातल्या, तिच्या बाजूने बोलणाऱ्या एखाद्या आत्या-मामाला सोबत घ्या. लग्न तिला मान्य असेल, तर वाद न घालता कागदाचं बोला. लग्नाची तारीख परीक्षेच्या बाहेर ठेवता येते, आणि हे तिच्या आईला पटवणं वडिलांपेक्षा सोपं असतं. परीक्षेचा फॉर्म आत्ताच भरून ठेवता येतो. सासर जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतलं असेल तर विद्यापीठ तेच राहतं, कॉलेज बदलून मिळू शकतं. बोलणी चालू असतानाच मुलाकडच्यांकडून ‘पदवी पूर्ण करू देणार’ हा शब्द काढून घेतला तर तो पाळला जाण्याची शक्यता जास्त. लग्नानंतर मागायला गेलं की ते उपकार होऊन बसतं.

सुरतेला गेलेल्या दोघांबद्दल मी थोडं वेगळं सांगेन. प्रत्येकाला थांबवलंच पाहिजे असं मला वाटत नाही. भुसावळ-सुरत लाइनवरच्या गाड्यांनी खान्देशातून कितीतरी माणसं तिकडे गेली आणि त्यांच्या पैशावर इकडची घरं उभी राहिली. घरावर कर्ज असेल, बाप आजारी असेल, तर एकोणीस वर्षांच्या मुलाने कमवायला जाणं यात कमीपणा काहीच नाही. मात्र जाताना त्याच्या हातात परतीचे कागद असले पाहिजेत. नव्या रचनेत मिळवलेले क्रेडिट अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत वापरता येतात. दोन वर्षं पुरी केली आणि ठरलेले ८० ते ८८ क्रेडिट, वर चार क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यासक्रम पूर्ण केला, तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. म्हणजे चौथं सत्र अर्ध्यावर सोडणारा रिकाम्या हाताने जातो आणि काही महिने कळ काढणाऱ्याच्या हातात पदविका येऊ शकते. हा हिशेब त्याला कुणी मांडून दाखवला असता तर कदाचित तो मेमध्ये गेला असता. अजूनही फोन करून त्याचा क्रेडिट बँकेचा आयडी निघालाय का, त्यात क्रेडिट चढलेत का, ते बघायला सांगा. नियमित कॉलेज जमणारच नसेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच, काम करून शिकणाऱ्यांसाठी आहे. सुरतेतच राहायचं असेल तर इग्नूची केंद्रं तिकडेही आहेत.

ज्यांना गावातच थोडी कमाई हवी आहे त्यांच्यासाठी विद्यार्थी विकास विभागाची ‘कमवा आणि शिका’ योजना तुमच्या कॉलेजात चालू आहे का, ते विचारा. पैसे फार मिळत नाहीत, पण पास आणि झेरॉक्सचा खर्च सुटतो आणि ग्रंथालयात दोन तास काम करणारा मुलगा कॉलेजच्या आवारात टिकतो. एखादं मूल पैसे, पेपर, घर यांतलं काही कारण नसताना गप्प झालं असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर अभ्यासाचं बाजूला ठेवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मोफत आणि मराठीत बोलता येतं. तो पहिला फोन त्याच्यासोबत बसून लावा.

आणि तुमचं. तासिकेवर राबणाऱ्या माणसाने बिनपैशाचं हे कामही करावं, असं मी सहज म्हणणार नाही. तुमच्यावर अन्याय होतो आहे आणि तो मुलांच्या प्रेमाने भरून निघत नाही. म्हणून सगळ्या तीस जणांचा भार उचलू नका. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या की मेंटॉरच्या कामासाठी आठवड्यातला एक तास वेळापत्रकात धरावा. मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी तुमचा अर्ज नोंदीत राहील आणि नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) कागदांसाठी कॉलेजला तुमच्या नोंदी लागतील तेव्हा तुमची बाजू भक्कम असेल. रोजच्या कामासाठी तिसऱ्या वर्षातली दोन समंजस मुलं आणि एक मुलगी हाताशी घ्या. कोणत्या गावचा कोण आला नाही, हे त्यांना एसटी स्टँडवर आपल्या आधी कळतं. स्वतःजवळ एक साधी वही ठेवा. एका पानावर एक नाव, गाव, फोन कोणाचा, राहिलेले पेपर, शिष्यवृत्तीची स्थिती, शेवटचं बोलणं कधी झालं. पुढच्या वर्षी तुम्ही तिथे नसाल तर ती वही नव्या मेंटॉरच्या हातात देऊन जा.

आत्ता लगेच करायचं झालं तर परीक्षा विभागात जाऊन या सत्राचा फॉर्म कोणी भरला नाही त्यांची नावं घ्या आणि विलंब शुल्कासह शेवटची तारीख विचारा. त्या यादीतली, ज्यांचे एक-दोनच पेपर राहिलेत अशी तीन-चार नावं आधी निवडा. पावरा मुलाचं नाव त्यात असेल, त्याला पहिला फोन करा. जर्नलचं कारण सांगा, बाजाराचा विषय काढू नका.